घरचे आरोग्य : ताप अंगावर काढू नका

श्रावण-भाद्रपदात खुरपणीची घाई असते. अंगात कणकण असली तरी "एवढ्याशा तापाने काय होतंय?" म्हणत बायामाणसे कामाला जातात. टेंपोत दाटीने बसतात, बांधावर एकाच तांब्याने पाणी पितात. चार दिवसांत निम्मी टोळी अंथरूण धरते आणि तण वाढत राहते.

हा फ्लूचा ताप. आपल्याकडे तो पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीत जोर धरतो. साधे पडसे हळूहळू येते. फ्लूचा ताप एकाएकी चढतो. अंग मोडून येते, डोके दुखते, कोरडा खोकला लागतो. २००९ साली पुण्यात ज्याची धास्ती पसरली होती, तो स्वाइन फ्लू आता याच हंगामी तापांपैकी एक झाला आहे.

रोगी खोकला-शिंकला की तुषारांतून, तसेच त्याच्या हातांवाटे रोग पसरतो. ताप येण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस त्याच्यापासून इतरांना लागण होऊ शकते. म्हणून त्याने कामाला, बाजाराला, शाळेत जाऊ नये. गोळी न घेता पूर्ण एक दिवस-रात्र ताप आला नाही, तरच बाहेर पडावे.

पण रोज बुडाला तर चूल कशी पेटायची? हा प्रश्न खरा आहे. त्यावर आपली जुनी सावड उपयोगी पडते. आजाऱ्याची पात इतरांनी उरकावी, बरा झाल्यावर त्याने ती फेडावी. डेअरीचे दूध शेजाऱ्याने पोचवावे. शेतमालकाने थोडी उचल द्यावी. सगळी टोळी आजारी पडण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

घरात रोग्याची खाट हवेशीर जागी वेगळी टाकावी. खोकताना तोंडाला रुमाल किंवा पदर धरावा. साबणाने हात धुवावेत. पेज, पाणी वरचेवर द्यावे. प्रतिजैविकाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. फ्लूच्या विषाणूवर त्या चालत नाहीत.

म्हातारी माणसे, लहान मुले, गरोदर बाया आणि दमा-मधुमेहाचे रोगी यांना मात्र ताप येताच दवाखान्यात न्यावे. फ्लूचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर अधिक गुण येतो. धाप, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर कोणाच्याही बाबतीत क्षणाचाही उशीर करू नये. ताप तीन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासून घ्यावे. पावसाळ्यात हिवताप आणि डेंग्यूही असतात.