विश्लेषण : सॉफ्टवेअरच्या बिल्डलाही ‘हीट नंबर’ का हवा?

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून वाहन उद्योगाकडे जाणाऱ्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. भट्टीतल्या एका वितळणीला दिलेला हा क्रमांक. पुढे एखाद्या नगाला तडा दिसला, तर या क्रमांकावरून त्या दिवशीचा धातू, त्याची रासायनिक तपासणी आणि पाळी सापडते. तेवढ्याच हीटचे नग बाजूला काढता येतात, सगळा माल परत मागवावा लागत नाही. कोल्हापूरच्या उद्योजकाला हे वेगळे सांगावे लागत नाही. पण याच शहरात तयार होणाऱ्या सॉफ्टवेअरचे काय? ग्राहकाकडे आज चालू असलेली आवृत्ती नेमक्या कोणत्या कोडवरून तयार झाली, याचे उत्तर छोट्या टीममध्ये बऱ्याचदा कुणाच्या तरी आठवणीत असते. ते नोंदीत आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे बिल्ड रिपोर्टला मेटाडेटा जोडणारे प्लगिन.

बिल्ड आणि बिल्ड रिपोर्ट म्हणजे काय?

प्रोग्रामरने लिहिलेला कोड जसाच्या तसा ग्राहकाकडे जात नाही. तो कंपाइल होतो, बाहेरच्या लायब्ररी त्याला जोडल्या जातात, चाचण्या होतात आणि शेवटी मोबाइलवर टाकायची किंवा सर्व्हरवर चढवायची फाइल तयार होते. या सगळ्या प्रक्रियेला बिल्ड म्हणतात. जावा आणि अँड्रॉइडच्या जगात ग्रेडल, मेव्हन ही साधने हे काम करतात. कोडमध्ये बदल झाला की ते आपोआप सुरू करण्यासाठी जेनकिन्ससारखा सर्व्हर असतो. प्रत्येक बिल्डनंतर रिपोर्ट मिळतो. त्यात किती वेळ लागला, किती चाचण्या पास झाल्या, काम कुठे अडले, हे दिसते.

मग कमी काय पडते?

‘बिल्ड क्रमांक ४१२ यशस्वी’ एवढ्याने भागत नाही. तो कोणत्या ब्रँचवरून झाला? शेवटचा कमिट कोणता होता? सर्व्हरवर झाला की कुणाच्या लॅपटॉपवर? त्या वेळी लॅपटॉपवर जमा न केलेले बदल होते का? चाचणीसाठी होता की ग्राहकासाठी? बिल्डविषयीची ही माहिती म्हणजे मेटाडेटा. बिघाड झाला की पहिल्यांदा हीच लागते.

प्लगिन नेमके काय करते?

ग्रेडलमध्ये ‘बिल्ड स्कॅन’ नावाचा सविस्तर रिपोर्ट मिळतो. त्याला तीन प्रकारची जादा माहिती जोडता येते. टॅग म्हणजे छोटी चिठ्ठी, व्हॅल्यू म्हणजे नाव आणि त्यापुढची नोंद, आणि लिंक म्हणजे संबंधित पानाचा दुवा. ‘कॉमन कस्टम यूजर डेटा’ हे मुक्त स्रोत प्लगिन ही माहिती स्वतःच भरते. बिल्ड सर्व्हरवर झाला की स्थानिक संगणकावर, गिटची ब्रँच आणि कमिट कोणता, हे ते नोंदवते. जमा न केलेले बदल आढळले, तर ‘डर्टी’ असा टॅग लावते. मेव्हनसाठीही असेच एक्स्टेन्शन आहे. ग्राहकाचा कोड किंवा तक्रारीचा तिकीट क्रमांक अशा आपल्या नोंदी त्यात वाढवता येतात. जेनकिन्स वापरणाऱ्यांना ‘बिल्ड नेम सेटर’ या प्लगिनने निव्वळ आकड्याऐवजी अर्थपूर्ण नाव देता येते.

एक्सेलमध्ये लिहून ठेवले तर?

शुक्रवारी रात्री घाईत पाठवलेल्या दुरुस्तीची नोंद सोमवारी कुणी करत नाही, आणि केली तरी आठवणीवर करतो. हीट नंबरचे महत्त्व तो कामाच्या वेळीच पडतो यात आहे. प्लगिनचेही तसेच. सेटिंग एकदा करायचे, पुढे प्रत्येक बिल्ड आपली नोंद आपणच करतो.

मात्र नंबर वहीत आणि नगावर कोराच, असे होऊ नये. कमिटचा क्रमांक रिपोर्टसोबत तयार फाइलमध्ये किंवा ॲपच्या ‘अबाउट’ पानावरही हवा. तरच ग्राहकाकडची फाइल आणि कार्यालयातला रिपोर्ट यांची गाठ पडते.

नोंद नसेल तर काय होते?

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जगभर वापरल्या जाणाऱ्या जावा लायब्ररीत गंभीर त्रुटी उघड झाली. तिच्या तीव्रतेला १० पैकी १० गुण मिळाले होते. दुरुस्त केलेली २.१५ आवृत्ती आली, पण तीही अपुरी ठरली. त्याच महिन्यात २.१६, २.१७ आणि २.१७.१ अशा आणखी आवृत्त्या आल्या. म्हणजे ‘कोणत्या ग्राहकाकडे कोणता बिल्ड आहे आणि त्यात कोणती लायब्ररी आहे’ हा प्रश्न महिनाभरात पुन्हा पुन्हा विचारावा लागला. ज्यांच्याकडे नोंद होती त्यांनी ती चाळली. बाकीच्यांना एकेक सर्व्हर उघडून पाहण्यावाचून पर्याय नव्हता.

नियमांचा रोख कुठे आहे?

सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेल्या सायबर सुरक्षा चौकटीत ‘एसबॉम’, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी, हा विषय आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्ट-इनने एसबॉमविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. एसबॉम आणि बिल्डचा मेटाडेटा एकच नव्हेत. पहिली यादी आत काय आहे ते सांगते, दुसरी नोंद ते कधी आणि कोणत्या कोडवरून बनले ते सांगते. पण कोणती यादी कोणत्या बिल्डची हेच ठाऊक नसेल, तर यादी निरुपयोगी. मुंबई-पुण्याच्या वित्तसंस्थांना सेवा देणाऱ्या छोट्या कंपन्यांपर्यंत ही विचारणा आज ना उद्या पोहोचणारच.

सावधगिरी कुठे हवी?

पासवर्ड, टोकन किंवा ग्राहकांचा खासगी तपशील मेटाडेटामध्ये कधीही जाऊ नये. ग्रेडलच्या मोफत सार्वजनिक सर्व्हरवर पाठवलेला बिल्ड स्कॅन लिंक असलेला कुणीही पाहू शकतो. त्यात वापरकर्त्याचे नाव, संगणकाचे नाव, आयपी पत्ता हेही नोंदले जातात. ते झाकण्याची सोय आहे, ती आधी करावी.

दुसरा धोका माणसांचा आहे. कुणाचे बिल्ड किती वेळा फसले हे मोजून पगारवाढ ठरवायला लागले, की लोक नोंद चुकवण्याच्या वाटा शोधतात. हीट नंबर धातूचा माग काढण्यासाठी असतो, भट्टीवरच्या कामगाराला धरण्यासाठी नव्हे. बिल्डच्या नोंदीचा हेतूही तोच राहायला हवा.

सुरुवात कशी करावी?

कमिट, ब्रँच, जमा न केलेले बदल आणि ग्राहकाचा कोड, एवढ्या चार नोंदी पुरेशा आहेत. ‘डर्टी’ टॅग असलेला बिल्ड ग्राहकाकडे जाणार नाही, हा एक नियम त्यासोबत करावा. याला नवे सर्व्हर लागत नाहीत की मोठा खर्च. आपण काय पाठवले हे पाठवणाऱ्याला माहीत असणे, ही ग्राहकाची किमान अपेक्षा आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रींनी ती लोखंडात पाळून दाखवली आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना ती पाळणे त्याहून सोपे आहे.