स्वस्त रंग महाग का पडतो?

शाबानचा चांद दिसला की रमजान ईद तोंडावर येते आणि घराघरांत भिंती रंगवण्याची बोलणी सुरू होतात. घरात लग्न ठरले असेल तर उधारी करून का होईना, रंग लागतोच. पालमच्या बाजारात घ्या किंवा गंगाखेडला जाऊन आणा, गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सगळ्यांत स्वस्त कोणता? आमच्या मते येथेच चूक होते.

रंगाचा भाव लिटरवर पाहू नये, चौरस फुटावर काढावा. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली घेतली तर चार भिंती ४४० चौरस फूट भरतात. दार-खिडकी वजा जाता ४०० धरू. समजा, एक रंग लिटरला १२० रुपयांचा असून दोन हातांत ५० चौरस फूट झाकतो आणि दुसरा २०० रुपयांचा असून १०० चौरस फूट झाकतो. पहिला ८ लिटर लागेल, म्हणजे ९६० रुपये. दुसरा ४ लिटरमध्ये भागेल, म्हणजे ८०० रुपये. आकडे हिशेबापुरते घेतले आहेत. खरे आकडे कंपनीच्या माहितीपत्रकात असतात, ते दुकानदाराकडे मागावेत. दिलेली जागा एका हाताची की दोन हातांची हेही विचारावे, नाहीतर निम्माच रंग घरी येईल. आणखी एक गोम आहे. डिस्टेंपर किलोवर मिळतो, इमल्शन लिटरवर. लिटरभर रंग किलोपेक्षा बराच जड भरतो, म्हणून वीस किलोच्या बादलीत वीस लिटर रंग नसतो. दोन्ही बादल्या सारख्या समजून भाव लावणारा फसतो.

पण रंगाआधी भिंत पाहिली पाहिजे. आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया हलका असला की भिंतीला तडे जातात. जुन्या दगड-मातीच्या, माळवदाच्या घरांत जमिनीतून ओल वर चढते, लोणा लागतो. अशा भिंतीला ऑइलपेंट फासणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि रंगाचे पोपडे सुटतात. तेथे चिमूटभर नीळ घातलेल्या चुन्याचे दोन हात हेच शहाणपणाचे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. सिमेंटचा नवा गिलावा असेल तर निदान महिनाभर वाळू द्यावा. मग काचपेपर, प्रायमर आणि लागेल तेवढीच पुट्टी. छताला डिस्टेंपर पुरे. मुलांचे हात लागतात त्या भिंतींना पुसता येणारे इमल्शन परवडते.

२०१५ आणि २०१६ साली रमजान ईद जुलैत आली होती. ऐन पावसाळ्यात ओल्या भिंतीवर घाईने दिलेला रंग टिकत नसतो. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. ती कोरड्या दिवसांत येते तेव्हा त्याचा फायदा घ्यावा.

जुन्या ऑइलपेंटबाबत एक सावधगिरी. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकते. तो कोरडा घासू नये, पाणी मारून घासावा आणि तेव्हा लहान मुलांना दूर ठेवावे.

आता जे कोणी उघड बोलत नाही ते बोलू. रंगाच्या बादलीत पेंटरसाठी टोकन ठेवण्याची पद्धत जुनी आहे. आता मोबाईलवर कोड स्कॅन करूनही पैसे जमा होतात. हे पैसे शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातात. पेंटर ज्या बादलीचा आग्रह धरतो ती भिंतीसाठी चांगली की टोकनासाठी, हे घरमालकाला कळत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी नाते नाकारले. ओली भिंत पुट्टीखाली झाकून पैसे घेणे याहून वेगळे आहे का? आमचे अनेक तरुण या धंद्यात आहेत, म्हणूनच हे लिहावे लागते.

मात्र दोष एकट्या पेंटरचा नाही. आपण मजुरीत घासाघीस करतो, घासण्या-पुसण्याचा रोज देत नाही, मग त्याला टोकनावर भागवावे लागते. सामानासह गुत्ते दिले की रंगात पाणी वाढण्याचा धोका असतोच. त्यापेक्षा सामान स्वतः आणावे, मजुरी नीट द्यावी, किती हात द्यायचे ते आधी ठरवावे आणि बादली आपल्यासमोर उघडायला लावावी. दुकानदारानेही टोकन आहे की नाही ते विचारताच सांगावे.

मशीनवर शेड मिसळलेला डबा सहसा परत घेत नाहीत. तेव्हा पहिल्या खेपेला थोडा कमीच घ्यावा, आणि शेडचा नंबर चिठ्ठीवर लिहून घ्यावा.