जीनोम वाचला, पण वनस्पती दाखवली कुणी?

औषधी वनस्पतीच्या हरितलवकाचा जीनोम वाचला की ते विज्ञान. तीच वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या आदिवासींचं ज्ञान मात्र ‘लोकसमजूत’. ही उतरंड मला मान्य नाही.

केरळच्या अगस्त्य डोंगरांत १९८७ साली काणी वाटाड्यांनी शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चाची फळं खायला दिली. त्यातून ‘जीवनी’ हे औषध झालं. परवाना शुल्क आणि २ टक्के रॉयल्टी यांतला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं. म्हणजे वाटा देता येतो.

हरितलवकाचा जीनोम साधारण दीड लाख अक्षरांचा. तो सार्वजनिक डेटाबेसवर चढला की कुठलीही कंपनी फुकट उतरवून घेते, त्यावर भेसळ ओळखणारी चाचणी बनवते. नोंदीत देशाला रकाना आहे, नमुना गोळा करणाऱ्याला आहे. उपयोग सांगणाऱ्या समाजाला नाही.

वर जैवविविधता कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट दिली. पोथीत उतरलं की वाटा बुडाला. आणि पोथी लिहायचा हक्क कुणाला होता, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मी सिक्वेन्सिंगच्या विरोधात नाही. आपली पोरं लॅबमध्ये जायलाच हवीत. पण तिथे विचारा: ग्रामसभेची संमती घेतली का? पेपरात त्या समाजाचं नाव आहे का? वाटा ठरला का? एकट्याने विचारलं तर पीएचडी अडकते. चौघांनी मिळून विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर ती वेठबिगारच.