आमच्याकडे 'हॅव' नाही

इंग्रजीतले अवघड शब्द कोणते, असे विचारले तर आपण लांबलचक शब्दांकडे बोट दाखवतो. माझे मत निराळे आहे. लांब शब्द शब्दकोशात पाहिला की संपला. खरा छळ मांडतात ती रोजची छोटी क्रियापदे, आणि त्यांत पहिला मान 'हॅव'चा.

मराठीत या क्रियापदाला एकच एक प्रतिशब्द नाही. आपण म्हणतो, 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे पैसे आहेत', 'तिच्यात धीर आहे'. नाते, पैसा, गुण. प्रत्येकाची मांडणी वेगळी आणि शेवटी 'असणे'. इंग्रजी मात्र भाऊ, पैसे, धीर या साऱ्यांना एका 'हॅव'च्या दावणीला बांधते. एवढ्यावर भागत नाही. चहा घ्यायचा तरी 'हॅव', सर्दी झाली तरी 'हॅव'. 'मी जेवले आहे' यातल्या 'आहे'च्या जागी 'हॅव', आणि 'मला जावे लागते' म्हणायचे तर 'हॅव टू'! 'आय ॲम हॅविंग टी' बरोबर, पण 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' चूक. कारण चहा घेणे ही क्रिया, भाऊ असणे ही स्थिती. हे कारण सांगितले तर दोन मिनिटांत समजते. नुसते 'चूक' म्हटले तर कधीच समजत नाही.

मित्रहो, कुणी 'फीवर केम टू मी' म्हटले की वर्गात हशा पिकतो. पण त्या वाक्यात अडाणीपणा नाही, मराठी व्याकरण आहे. मराठीत ताप माणसाला येतो. इंग्रजीत माणूस तापाचा मालक होतो. हसणाऱ्यांनी एखाद्या इंग्रजाला आपले 'लागणे' शिकवून पाहावे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, झाडाला फळ लागते. तोही अडखळेल. आपण मात्र त्याला हसणार नाही, उलट कौतुक करू.

माझ्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. इंग्रजी विचारावे असे घरी कोणी नाही. माझ्यासारखे येथे पुष्कळ आहेत. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारा वर्षे शिकून आम्ही येथे येतो. तरी तोंड उघडत नाही, कारण एका हशाने विद्यार्थी वर्षभर गप्प बसतो. गप्प बसणाऱ्याचे इंग्रजी सुधारणार कसे?

मराठीचा आधार घेतला तर इंग्रजीत विचार करण्याची सवय लागत नाही, असे काही जण म्हणतात. पण तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठी वाक्यापुढे इंग्रजी वाक्य ठेवूनच. प्राध्यापकांना नम्र विनंती आहे की आठवड्यातून एक तास एकच क्रियापद घ्यावे: 'हॅव', 'गेट', 'टेक', 'मेक'. फळ्याच्या एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस इंग्रजी. आमच्याकडे 'हॅव' नसेल, पण 'असणे' आहे. तेथून सुरुवात करू द्यावी, एवढेच मागणे.