आचऱ्याचा मुलगा आणि मेहसाण्याची डेअरी

दिवाळी जवळ आली की मराठी माणूस वर्षातून एकदा आपल्या घराच्या भिंतींकडे नीट पाहतो. एरवी भिंतीवर कॅलेंडर असते, घड्याळ असते, दिवंगत वडीलधाऱ्यांचे फोटो असतात. भिंत अशी दिसतच नाही. यंदा आमच्याकडे रंगाऱ्याच्या पाठोपाठ एक तरुण ‘इंटिरियरवाले’ही येऊन गेले. बाल्कनी आत घ्यायची, हॉलला फॉल्स सीलिंग करायचे, एक खिडकी बुजवून तेथे टीव्हीचे कपाट करायचे आणि एवढे सगळे झाल्यावर उकडू लागेल म्हणून एसी बसवायचा, असा त्यांचा बेत होता. सौ.ना तो पसंत पडला. मला मात्र अच्युत कानविंदे आठवले.

“कोण हो हे कानविंदे?” सौ.नी विचारले. वाचकांपैकी पुष्कळजणही हेच विचारतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आम्ही मराठीचे मास्तर कवितेच्या एका ओळीवर दहा पाने लिहितो; पण ज्या इमारतीत बसून ती कविता शिकवतो तिची कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली, हे आम्हांला ठाऊक नसते. कोनशिलेवरून मंत्र्यांचे नाव कळते, गावगप्पांतून कंत्राटदाराचे कळते. वास्तुशिल्पकार तेवढा निनावी राहतो.

कोल्हापूरहून घाट उतरून सिंधुदुर्गात शिरले की मालवण तालुक्यात समुद्राकाठी आचरे लागते. तेथे १९१६ साली कानविंद्यांचा जन्म झाला. आई ते दोन वर्षांचे असतानाच गेली. वाढले मोठ्या कुटुंबात. वडील मुंबईत चित्रकला शिकवीत आणि स्वतः चित्रे काढीत. मुलाने १९३५ मध्ये जे. जे. स्कूल गाठले, पण कुंचल्याऐवजी वास्तुकला धरली. तेथून १९४२ मध्ये बाहेर पडल्यावर ते सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेत लागले. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाला प्रयोगशाळा हव्या होत्या. त्या बांधायला शिकून यावे म्हणून सरकारने त्यांना १९४५ मध्ये अमेरिकेस हार्वर्डला धाडले. तेथे गुरू लाभले वॉल्टर ग्रोपिअस, जर्मनीतल्या ‘बाउहाउस’चे संस्थापक. इमारतीने आपले काम करावे, उगाच नटू नये, असा त्या घराण्याचा बाणा.

परत आल्यावर त्यांनी अहमदाबादेस कापडगिरण्यांच्या संशोधनसंस्थेची, म्हणजे ‘अटिरा’ची, इमारत केली. सरळ रेषा, साधे चौकोन. मला ती गुरूंच्या आज्ञेत राहिलेल्या हुशार विद्यार्थ्याची वही वाटते. अक्षर सुंदर, पण अजून स्वतःचे नव्हे.

स्वतःचे अक्षर दिसते ते कानपूरला. शौकत राय यांच्याबरोबर त्यांनी १९५५ मध्ये आपली भागीदारी सुरू केली होती. कानपूरची आयआयटी १९५९ मध्ये निघाली. तिचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर, म्हणजे येथेही मराठी माणूसच. उत्तर प्रदेशातला उन्हाळा ज्यांनी भोगला आहे त्यांना ‘लू’ म्हणजे काय ते सांगायला नको. कानविंद्यांनी तेथे उघड्या काँक्रीटचे सांगाडे उभे केले, मध्ये विटा भरल्या आणि वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय ही सारी छपराखालच्या उंच पादचारी मार्गांनी जोडून टाकली. मोटारी बाहेरच्या बाहेर. मुले एका तासावरून दुसऱ्या तासाला सावलीतून चालत जातात. वाटेत माणसे भेटतात, गप्पा होतात. आपल्या कोकणातल्या पडवीचेच हे काम नाही काय? कानविंद्यांनी ते पडवीवरून घेतले असा माझा दावा नाही. पण ज्याचे बालपण कोकणच्या पावसात गेले त्याला छपराखालच्या मोकळ्या जागेची किंमत वेगळी समजावून द्यावी लागत नसावी.

आणि मग मेहसाण्याची दूधसागर डेअरी. आम्ही कोल्हापूरकर दुधाच्या बाबतीत जरा गर्विष्ठच. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस डोळ्यांसमोर पिळली जाते आणि फेसाचा पेला हातात येतो. आम्हांला डेअरीचे कौतुक कोणी सांगावे? पण उत्तर गुजरातेतल्या या सहकारी संघासाठी १९७०च्या दशकात कानविंद्यांनी जे उभारले ते मुद्दाम पाहण्याजोगे आहे. दूध तापवायचे, थंड करायचे, आटवायचे, त्याची पूड करायची, म्हणजे आत उष्णता आणि वाफ यांचा कहर. कानविंद्यांनी मजले असे रचले की दूध शक्य तेथे आपल्याच वजनाने वरून खाली उतरावे. आणि गरम हवा बाहेर जावी म्हणून छपरावरून हवेचे उंच झोत उठवले. दुरून एखाद्या गढीचे बुरूज वाटावेत असे ते दिसतात. पण शोभेसाठी त्यांतला एकही नाही. आत घामाघूम होणाऱ्या कामगाराला श्वास मिळावा म्हणून ते आहेत, आणि त्यांच्यामुळेच इमारतीला चेहरा आला आहे.

हे मी सौ.ना सांगितले. त्या म्हणाल्या, “डेअरीत काय ते ठीक; आपल्याला काही दुधाची पूड करायची नाही.” तरीही बाल्कनी तूर्त वाचली आहे. खिडकीचा वाद चालू आहे.

कानविंद्यांचे सगळेच मला पटते असे नाही. उघडे काँक्रीट कोरड्या मुलखात शोभते. आपल्या चार महिन्यांच्या पावसात त्यावर काळे ओघळ उतरतात आणि शेवाळ धरते. पण या पिढीच्या इमारती पडू लागल्या आहेत याचे वाईट वाटते. दिल्लीच्या प्रगती मैदानातला राज रेवाल यांचा ‘हॉल ऑफ नेशन्स’ १९७२ साली उभा राहिला आणि २०१७च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत पाडला गेला. वाडे पडताना निदान हळहळणारे असतात. काँक्रीटसाठी रडणार कोण?

कानविंद्यांना १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रयोगशाळांचा हा माणूस उतारवयात देवळाकडे वळला: दिल्लीचे इस्कॉन मंदिर १९९८ मध्ये पुरे झाले तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. २००२च्या डिसेंबरात ते गेले. मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र त्यांचेच. कोल्हापूर-सांगलीकडच्या शाळांच्या सहली तेथे जातात, मुले आरशांपुढे वेडीवाकडी तोंडे करून हसतात, मास्तर दाराशी डोकी मोजतात आणि बस राणीच्या बागेकडे निघते.