नाव ठेवा, नावं नकोत

बारशाची तारीख ठरली की घरातला व्हॉट्सॲप ग्रुप एकदम जागा होतो. मामा लांबलचक यादी पाठवतो, आत्या म्हणते मान माझा, आजीला गुरुजींनी काढून दिलेलं अक्षरच पाहिजे. आणि आई-बाबांना हवं असतं असं नाव, जे वर्गात दुसऱ्या कुणाचंच नसेल. मग मोबाइलवर अर्थ शोधणं सुरू होतं.

अर्थ शोधावाच. पण नावाचा सगळा अर्थ शब्दकोशात सापडत नाही. आपल्या गंगाखेडची जनाबाई घ्या. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी ही बाई. आज ‘जना’ म्हटलं की आपल्याला तिचे अभंगच आठवतात. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांत गौतम, सिद्धार्थ, यशोधरा ही नावं रुळली. एका समाजानं आपली नवी ओळख स्वतःच्या तोंडानं सांगितली ती अशी. म्हणजे नाव ठेवताना आपण शब्दापेक्षा त्यामागची आठवण निवडतो.

याची दुसरी बाजूही आहे. आपल्या पणजोबांच्या पिढीत दगडू, धोंडू, भिकाजी, केरबा अशी नावं सर्रास असायची. आज ती ऐकून हसू येतं. पण आधीची लेकरं दगावलेली असायची. नाव हलकं ठेवलं तर दृष्ट लागणार नाही, हे तरी जगेल, अशी आईची आशा त्यात असायची. नाव दगडाचं, पण लेकरू हवंहवंसं!

‘नकोशी’चं मात्र उलटं आहे. दोन-तीन मुलींनंतर पुन्हा मुलगीच झाली, की पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून हिचं नाव नकोशी किंवा नकुसा. इथं नावाचा अर्थ शब्दशः तोच असतो. शाळेत हजेरी घेताना रोज तिला तो ऐकावा लागतो आणि तिनं ‘हजर’ म्हणायचं असतं.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. काहींनी ऐश्वर्यासारखं सिनेमातल्या नटीचं नाव निवडलं. त्यात हसण्यासारखं काही नाही. आपलं नाव आपण निवडायची संधी किती जणींना मिळते? पण त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. नाव बदललं म्हणून घरातली इच्छा बदलतेच असं नाही.

आपल्या कृषी विद्यापीठानं ज्वारीच्या वाणाला ‘परभणी मोती’ नाव दिलं, भेंडीला ‘परभणी क्रांती’. पिकाला नाव देताना आपण एवढा विचार करतो. मग लेकीला नाव देताना मुलगा न झाल्याचा राग कशाला?

आता आपल्या पिढीचं. आपण कुणी नकोशी ठेवणार नाही, बरोबर. पण ज्याचा उच्चार शिक्षकांना जमत नाही, ज्याचं स्पेलिंग प्रत्येक फॉर्मवर समजावून सांगावं लागतं, असं नावही आपण आपल्या हौसेसाठीच ठेवतो. ते आयुष्यभर वागवायचं असतं लेकरानं. नंतर बदलायचं म्हटलं तर राजपत्र, शाळेचा दाखला, आधार, बँक, सगळीकडे खेटे.

तसं पाहिलं तर घाईही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव नंतर वर्षभरात विनाशुल्क टाकता येतं. तेवढ्या वेळात ते मोठ्यानं हाक मारून बघा. हजेरीत कसं वाटेल, मुलाखतीत कसं वाटेल, भांडणात मित्र त्याचं काय करतील, हेही बघा.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर त्यांच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव लागतं. नऊ महिने पोटात वाढवणारीचं नाव कागदावर आलं, हे चांगलंच झालं. आता बाळाचं नाव ठरवताना तिचं मत आत्या, आजी आणि गुरुजींच्या आधी विचारलं जावं. आणि नाव कुठलंही ठेवा, ते ऐकून लेकराला कळलं पाहिजे की या घराला आपण हवे होतो.