सत्तर सेकंदांचा शेजार



यंदाच्या अंकाचा विषय ‘नोंद’ ठरला, तेव्हा संपादक मंडळातच पहिली हरकत निघाली. फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचायच्या अंकात तक्ते, वह्या आणि आकडे कशाला? हरकत रास्त होती आणि तिला उत्तर देणे हे संपादकीयाचे काम आहे. ते उत्तर आम्ही एका नोंदीच्या आधाराने देणार आहोत. जमिनीपासून १३३६ किलोमीटर उंचीवरून, तीस वर्षांहून अधिक काळ, खंड न पडता ही नोंद चालली आहे. ती समुद्राच्या पातळीची आहे.

अमेरिका आणि फ्रान्स यांचा टोपेक्स-पोसायडन हा संयुक्त उपग्रह १० ऑगस्ट १९९२ रोजी अवकाशात गेला. त्याचे काम सांगायला सोपे. खाली रडारची लहर सोडायची, ती पाण्यावरून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे आणि त्यावरून अंतर काढायचे. उपग्रह स्वतः किती उंचीवर आहे ते ठाऊक असले, की वजाबाकी करून समुद्राची उंची मिळते. साधारण दहा दिवसांनी तो पुन्हा त्याच रेषांवर येई आणि पुन्हा तेच मोजी. प्रत्यक्षात मात्र यातली प्रत्येक पायरी अवघड आहे. हवेतल्या बाष्पामुळे लहर किंचित रेंगाळते, म्हणून बाष्प मोजणारे वेगळे उपकरण सोबत लागते. उपग्रहाची जागा सेंटिमीटरपर्यंत पक्की करायची तर जमिनीवरून लेसरचे झोत आणि रेडिओ संदेश लागतात. भरती-ओहोटी, लाटा, हवेचा दाब या सगळ्यांचा हिशेब बाजूला काढावा लागतो. एवढे करून हाती काय यायचे, तर वर्षाला तीन-चार मिलिमीटरांची चढ.

खरी अडचण त्याच्याही पुढची आहे. उपग्रह तीस वर्षे जगत नाही. त्याच्या बॅटऱ्या थकतात, तोल सांभाळणारी चाके अडकतात, उपकरणे हळूहळू आपला सूर सोडतात. नवा उपग्रह पाठवला तर त्याची उपकरणे नवी, त्यांच्या खोडीही नव्या. याच मालिकेत २००८ मध्ये गेलेल्या जेसन-२ या उपग्रहाची मापे सुरुवातीला खऱ्या पातळीपेक्षा पंधरा सेंटिमीटरांहून जास्त येत होती. उपग्रहांच्या नोंदीत समुद्र आजवर एकूण चढला आहे तो सुमारे दहा सेंटिमीटर! म्हणजे एका यंत्राची खोड साऱ्या जगाच्या समुद्राच्या तीन दशकांच्या चढीपेक्षा मोठी होती. जुना उपग्रह बंद पडल्यावर नवा गेला असता, तर त्या आकड्यांतला समुद्र कोणता आणि यंत्र कोणते, हे सांगायची सोयच उरली नसती.

यावर काढलेला तोडगा आम्हाला फार मोलाचा वाटतो. डिसेंबर २००१ मध्ये जेसन-१ गेला, तेव्हा टोपेक्स-पोसायडन अजून धडधाकट होता. दोघांना एकाच कक्षेत, एकाच रेषेवर, सुमारे सत्तर सेकंदांच्या अंतराने कित्येक महिने उडवले. पुढचा उपग्रह ज्या पाण्यावरून गेला, त्याच पाण्यावरून मागचा सत्तर सेकंदांनी जाई. तेवढ्या वेळात समुद्र बदलत नाही. मग दोघांच्या आकड्यांत जो फरक येईल तो यंत्रांचा. तो काढला, लिहून ठेवला, ताळा जमवला आणि मगच जुन्याला त्या रेषेवरून बाजूला केले. २००८ मध्ये जेसन-१ आणि जेसन-२ यांनी तेच केले, २०१६ मध्ये जेसन-२ आणि जेसन-३ यांनी. नोव्हेंबर २०२० मध्ये गेलेला सेंटिनेल-६ मायकेल फ्रायलिक तर जेसन-३ च्या मागे तीस सेकंदांवर वर्षभराहून जास्त काळ राहिला. फ्रायलिक हे नासाच्या पृथ्वीविज्ञान विभागाचे माजी प्रमुख. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. आपल्या नावाचा उपग्रह वर जाताना त्यांना पाहता आला नाही. या उपग्रहाचा जोडीदार सेंटिनेल-६बी नोव्हेंबर २०२५ मध्ये रवाना झाला.

नुसत्या शेजारावरही हे शास्त्रज्ञ विसंबले नाहीत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत हार्वेस्ट नावाचा खनिज तेलाचा फलाट समुद्रात उभा आहे. उपग्रहाची रेषा बरोबर त्याच्यावरून जावी अशी आखली होती. वरून रडारने उंची घ्यायची, त्याच क्षणी खाली फलाटाच्या पायाशी पाणी मोजायचे. फ्रान्सच्या कोर्सिका बेटावरही अशीच सोय केली. आणि जगभरच्या बंदरांतल्या जुन्या भरतीमापकांशी तुलना करताना टोपेक्सची मापे पहिल्या काही वर्षांत हळूहळू सरकत गेली होती, हे ध्यानात आले. धक्क्यावरच्या साध्या यंत्राने अवकाशातल्या महागड्या यंत्राची चूक पकडली.

या साऱ्या दक्षतेमुळे आज एक वाक्य ठामपणे म्हणता येते: १९९३ च्या सुमारास समुद्र वर्षाला दोन मिलिमीटरांच्या आसपास चढत होता, आता तो वर्षाला चार मिलिमीटरांहून अधिक चढतो आहे. वेग दुपटीने वाढला आहे. चढ कोणत्याही दोन चांगल्या मोजण्यांतून कळेल. वेग वाढतो आहे हे कळायला सलग नोंदच लागते.

जुने आणि नवे काही काळ सोबत चालवण्याची ही युक्ती अवकाशयुगाची नव्हे. आपल्याकडे ती एकशे वीस वर्षांपूर्वी वापरली गेली आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. गणिती केरूनाना छत्रे तरुणपणी इथेच नोकरीस होते. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेची ट्राम येणार असे ठरले आणि तिच्या प्रवाहाने कुलाब्याच्या नाजूक सुया बिघडणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी चुंबकीय निरीक्षणे खाडीपलीकडे अलिबागला नेली. पण नेली म्हणजे इथले दार लावून तिथले उघडले असे नव्हे. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन ठिकाणांमधला फरक नीट समजला, मगच कुलाब्याची मापे थांबली. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली. त्या दोन वर्षांमुळेच कुलाबा-अलिबागची मालिका जगातल्या सर्वांत दीर्घ चुंबकीय मालिकांमध्ये गणली जाते.

अशा मालिकेचे मोल कधी वसूल होईल, ते मात्र कोणी सांगू शकत नाही. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याच्या सुया अचानक उसळल्या. तिथल्या निरीक्षकांनी तासातासाच्या नेहमीच्या नोंदींवर न थांबता मधल्या मिनिटांच्याही नोंदी घेतल्या. ते एका प्रचंड सौर वादळाचे पडसाद आहेत हे त्यांना माहीत असणे शक्य नव्हते. २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले शास्त्रज्ञ आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी तीच पाने उघडली आणि त्या वादळाच्या ताकदीचा अंदाज बांधला. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या यांना सौर वादळाचा किती धोका आहे याची चर्चा त्या पानांशिवाय पुरी होत नाही. डोळ्यांनी सुया पाहून आकडे लिहिणाऱ्या त्या माणसांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

उलट बाजूही पाहावी. शेजार चुकला तर काय होते? सूर्याकडून पृथ्वीला किती ऊर्जा मिळते हे मोजणारे एक उत्तम उपकरण १९८९ मध्ये थांबले. त्याची जागा घेणारे दुसरे १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेमुळे लांबणीवर पडले आणि १९९१ मध्ये गेले. मधली दोन वर्षे कमी अचूक उपकरणांनी भरून काढावी लागली. एका गटाने एका उपकरणाच्या आधारे सांधा जुळवला, त्यांना सूर्याची ऊर्जा दरम्यानच्या काळात किंचित वाढलेली दिसली. दुसऱ्या गटाने वेगळ्या रीतीने जुळवला, त्यांना वाढ दिसली नाही. तापमानवाढीत सूर्याचा वाटा किती, हा प्रश्न याच फटीतून पुन्हा पुन्हा वर काढला गेला. दोन वर्षांच्या खंडाने काही दशकांचा वाद दिला.

खंडाचे दुसरे उदाहरण घ्या. ग्रेस ही उपग्रहांची जोडी २००२ पासून पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले बारीक बदल टिपत होती. २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब आणि हरियाणा यांच्या पोटातून १०९ घन किलोमीटर भूजल नाहीसे झाले, हे याच जोडीच्या आकड्यांवरून २००९ मध्ये जगाला कळले. ती जोडी २०१७ मध्ये थांबली, पुढची मे २०१८ मध्ये गेली. मधले जवळपास वर्षभराचे आकडे कायमचे गेले. गेलेला महिना पुन्हा मोजता येत नाही.

आपल्या ओशनसॅट-२ ने २००९ पासून समुद्रावरच्या वाऱ्यांची नोंद ठेवली. ते उपकरण २०१४ च्या सुरुवातीला बंद पडले आणि स्कॅटसॅट-१ सप्टेंबर २०१६ मध्ये गेला. मधली अडीच वर्षे या मालिकेत नाहीत. पण याच कथेत मन भरून यावे असेही काही आहे. अमेरिकेच्या क्विकस्कॅट या वारे मोजणाऱ्या उपग्रहाचा अँटेना नोव्हेंबर २००९ मध्ये फिरायचा थांबला. विस्तीर्ण पट्टे पाहण्याची त्याची शक्ती गेली. तरी त्याला निवृत्त केले नाही, कारण जी एक अरुंद पट्टी त्याला दिसत होती ती तो अचूक मोजत होता. मग पुढची जवळपास नऊ वर्षे, २०१८ पर्यंत, नव्या उपग्रहांचा ताळा त्याच्याशी पाहिला गेला. त्यात आपला ओशनसॅट-२ ही होता.

हे सारे इतके उपयोगी, तर मग ते करायला लोक का कचरतात? कारण शेजाराचा काळ हिशेबनीसाच्या नजरेला उधळपट्टी दिसतो. दोन यंत्रे, दोन पथके, आणि आकडे तेच. शिवाय मागच्यासारखाच उपग्रह पुन्हा पाठवण्यात बातमी नाही. नुसती मोजणीही या नजरेतून सुटत नाही. हवाई बेटांवरच्या मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तिथेही १९६४ मध्ये पैशांच्या कपातीमुळे काही महिने मोजणी थांबली. ती रिकामी जागा त्या प्रसिद्ध वक्ररेषेत आजही आहे. आमचे मत स्पष्ट आहे. जुने आणि नवे सोबत चालतात तो काळ हाच मोहिमेचा सर्वांत फलदायी काळ, आणि त्याचा खर्च हा मोहिमेच्या मूळ खर्चाचाच भाग धरला पाहिजे.

भारताला हे सांगायचे कारण असे, की या कामात आपण आता पाहुणे नाही. युरोपचा एन्व्हिसॅट एप्रिल २०१२ मध्ये अचानक मुका झाला. तेव्हा इस्रो आणि फ्रान्स यांच्या सरल उपग्रहाने २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघून त्याचीच जुनी रेषा पकडली आणि १९९१ पासूनची ती मालिका पुढे नेली. वाऱ्यांची मालिका नोव्हेंबर २०२२ पासून ओशनसॅट-३ सांभाळतो आहे. मुंबईत अपोलो बंदरच्या भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले उन्नीकृष्णन आणि शंकर यांनी २००७ मध्ये मुंबईसह चाळीस वर्षांहून जुन्या नोंदींचाच आधार घेऊन उत्तर हिंद महासागराच्या चढीचा दर काढला: वर्षाला सुमारे १.३ मिलिमीटर. तो गेल्या शतकाचा दर होता. आताचा दर उपग्रह सांगतात. सातपाटीपासून पणजीपर्यंत बंदराचा धक्का किती उंच बांधायचा, खाजणाचा बांध किती वाढवायचा, हे ठरवणाऱ्या अभियंत्याला दोन्ही हवेत.

म्हणून मागणी एवढीच. ज्या मालिका आपण सुरू केल्या, त्यातल्या प्रत्येकीचा पुढचा उपग्रह आधीचा धडधाकट असतानाच कक्षेत पोचावा. दोघे किमान एक वर्ष सोबत चालावेत याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात असावी. आणि सोबतीच्या त्या वर्षाचे सगळे आकडे, चुकांसकट, महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही मिळावेत.

अंकात पुढे पावसाच्या, विहिरींच्या, पिकांच्या आणि माणसांच्या नोंदींवरचे लेख आहेत; कथा आणि कविता नेहमीप्रमाणे आहेतच. 

– संपादक